सहा मीटरांचे अंतर

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमात एक लहानशी तरतूद होती. फिरत्या क्रेनच्या रुळांवर अथवा रुळांजवळ कोणी व्यक्ती काम करीत असेल आणि तेथे तिला क्रेनची धडक बसण्याचा संभव असेल, तर त्या जागेपासून सहा मीटरांच्या आत क्रेन येणार नाही अशी परिणामकारक उपाययोजना झाली पाहिजे, एवढेच ती सांगत होती. मूळ कायद्यात हे अंतर वीस फूट होते. ब्रिटनच्या १९३७ च्या कारखाने कायद्यातही नेमके वीस फूटच आढळतात. या तरतुदीतील दोन शब्द विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. ‘कामगार’ असे न म्हणता कायद्याने ‘कोणतीही व्यक्ती’ असे म्हटले होते. हजेरीपटावर नाव असलेला माणूस आणि दोन तासांसाठी बाहेरून बोलावलेला वायरमन यांच्यात धावती क्रेन भेद करीत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

हा बाहेरचा वायरमन कल्याण-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात उल्हासनगर कॅम्प २ सारख्या वस्तीतून यावा, यात नवल नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले; पण पत्त्यातला ‘कॅम्प’ आणि त्याचा क्रमांक अद्याप सुटलेला नाही. हाती काही नसताना येथील माणसांनी जे दिसेल ते बनवायला आणि जे मोडेल ते दुरुस्त करायला आरंभ केला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद साऱ्या महाराष्ट्राने केला. त्यातल्या उपहासापेक्षा त्यातली कबुली मोठी आहे. एका बाजूला शहाडचा रेयॉन कारखाना, दुसऱ्या बाजूला अंबरनाथचा आयुध कारखाना, पुढे अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहती, आणि मधोमध ही कॅम्पांची दाट वस्ती. मोठ्या यंत्राची लहान दुरुस्ती अशा वस्तीतील चार माणसांच्या दुकानाकडे जाते, ती स्वस्त पडते म्हणून, आणि तेवढ्याच प्रमाणात तेथील माणूस ‘नाही जमणार’ असे म्हणत नाही म्हणूनही.

त्याच्याकडे आता एक नवे काम येऊ लागले आहे. एकाच शेडमध्ये, एकाच रुळांच्या जोडीवर दोन किंवा तीन क्रेन धावत असतील तर त्या एकमेकींवर आदळू नयेत यासाठी लेसरचा संवेदक, म्हणजे सेन्सर, बसविण्याचे. क्रेन विकणाऱ्यांच्या दरपत्रकांत हे उपकरण आता नित्याचे झाले आहे. उपकरण चांगले आहे यात शंका नाही. प्रश्न ते कसे बसविले जाते आणि ते बसविण्याचा खरा खर्च कोण सोसतो, हा आहे.

यंत्र काय पाहते

या संवेदकाचे तत्त्व सोपे आहे. एका क्रेनवर बसविलेली पेटी दुसऱ्या क्रेनवरील परावर्तकाकडे प्रकाशाचा किरण सोडते. तो परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून अंतर काढले जाते. एक मीटर जाऊन येण्यास प्रकाशाला सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या जेमतेम सातपट इतकाच वेळ लागतो, आणि आजची स्वस्त साधनेही तो मोजू शकतात. ठरविलेल्या पहिल्या अंतरावर क्रेनचा वेग कमी होतो; दुसऱ्या अंतरावर ती थांबते. एकदम थांबविली तर आकड्याला लटकलेले ओझे झोके घेते व खालच्या माणसाच्या जिवावर बेतते, म्हणून या दोन पायऱ्या.

ही अंतरे किती ठेवावयाची, याचे गणित शाळकरी आहे. मिनिटाला ६० मीटर म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने दोन क्रेन समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला दोन मीटरांनी घटते. संदेश पोचून ब्रेक लागेपर्यंत अर्धा सेकंद गेला तर तेवढ्यात एक मीटर संपला. पुढे सेकंदागणिक ०.३ मीटर या दराने वेग घटत गेला असे धरल्यास प्रत्येक क्रेन थांबेपर्यंत सुमारे १.७ मीटर जाते. बेरीज चार मीटरांच्या वर होते. वेग दुप्पट असेल तर ब्रेकचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. आता शेडच्या मालकाला प्रत्येक मीटर हवा असतो. दोन क्रेन जितक्या जवळ येतील तितकी जमीन त्याच्या उपयोगाची. तो म्हणतो, तीन मीटरांवर लावून टाका. वायरमन लावून टाकतो. गणित कोणी केलेले नसते, आणि पहिल्या पायरीने वेग खरोखर कमी होतो आहे तोवर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

तारजोडणीतही अशीच एक खोच आहे. धोका दिसला की संवेदकाने संदेश द्यावा आणि त्या संदेशाने क्रेन थांबावी, ही जोडणी सहज सुचणारी आहे आणि तीच चुकीची आहे. कारण तार तुटली, पेटीचा वीजपुरवठा गेला, तर संदेश कधीच येणार नाही आणि क्रेन धावत राहील. जोडणी उलट हवी: ‘सर्व ठीक’ असा संदेश सतत येत असेल तोवरच क्रेन चालावी; तो थांबला की क्रेन थांबली. परावर्तकावर धूळ साचली, पावसाळ्यात गळक्या पत्र्याचे पाणी काचेवर उतरले, सकाळचे तिरपे ऊन नेमके पेटीत शिरले, तरी या जोडणीत क्रेन थांबेल. ती विनाकारण थांबेल, वारंवार थांबेल, आणि क्रेनचालक वैतागेल. मग एके दिवशी पॅनेलमध्ये तारेचा दीड वितीचा तुकडा लावून संवेदकाला कायमचे गप्प केले जाईल. पेटीवरचा हिरवा दिवा मात्र जळत राहील, आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला तोच दिसेल. म्हणून परावर्तक दर आठवड्याला पुसण्यासाठी वर चढण्याची सुरक्षित वाट असणे, हे संवेदक बसविण्याचेच अंग मानले पाहिजे.

आणि एक गोष्ट या यंत्राला दिसतच नाही: माणूस. ते परावर्तक शोधते. रुळावर वाकून बोल्ट आवळणारा मनुष्य त्याच्या हिशेबी नसतो. अर्थात ज्या सहा मीटरांबद्दल कायदा बोलत होता ते सहा मीटर हे यंत्र राखीत नाही. ‘सेन्सर बसविला आहे, आता वर काम करायला हरकत नाही’ अशी समजूत शेडमध्ये रुजली तर धोका कमी होण्याऐवजी वाढेल. ज्या दिवशी संवेदक बसविला जातो त्या दिवशी तर तोही नसतो. धडक टाळण्याचे साधन बसविणारा माणूस हा धडकेच्या सर्वांत अधिक संभवात वावरणारा माणूस असतो.

बंद शेडची किंमत

समजा, कॅम्प २ मधील असा एक वायरमन बदलापूरच्या एखाद्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शिडीने वर गेला. आठ-दहा मीटर उंचीवर, क्रेनच्या पुलाच्या टोकाशी, रुळालगत त्याला पेटीचे फाळके बसवायचे आहे. त्याने क्रेनचा मुख्य स्विच बंद केला. आता तो सुरक्षित आहे काय? नाही. क्रेनला वीज मिळते ती रुळांच्या बाजूने शेडच्या लांबीभर गेलेल्या वाहकांतून. क्रेनचा स्विच बंद केल्याने क्रेन निर्जीव होते, वाहक नव्हे. त्यांत ४१५ व्होल्टचा तीन फेजचा प्रवाह असतोच, आणि जुन्या शेडमध्ये ते पुष्कळदा उघडेच असतात. ते निर्जीव करायचे तर खाली जमिनीवरचा स्विच बंद करून त्याला कुलूप घातले पाहिजे आणि किल्ली वर चढणाऱ्याच्याच खिशात राहिली पाहिजे.

आणि येथेच सारे अडते. त्याच वाहकांवर दुसरी क्रेनही चालते. वाहक बंद केले की दुसरी क्रेन थांबली, तिच्या आकड्यावरचे काम थांबले, सारी शेड थांबली. वायरमनला विजेपासून वाचविणारी आणि दुसऱ्या क्रेनच्या धडकेपासून वाचविणारी कृती एकच आहे, आणि मालकाला नकोशी असलेली कृतीही तीच आहे. म्हणून वाहक चालू राहतात, दुसरी क्रेन ‘त्या टोकालाच’ चालविण्याचे ठरते, एक मदतनीस हात दाखवायला उभा केला जातो, आणि सहा मीटरांची जागा तोंडी आश्वासन घेते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे दृश्य परिचयाचे वाटावे. संवेदकाच्या दरपत्रकात पेटी, परावर्तक, तार आणि मजुरी यांच्या किमती असतात. शेड चार-सहा तास बंद ठेवण्याची किंमत त्यात नसते, कारण ती विकणाऱ्याला द्यावयाची नसते. मालकाच्या लेखी ती उत्पादनातील घट आहे. ती त्याने सोसली नाही तर तिचे रूपांतर वायरमनच्या जोखमीत होते. पिगूने १९२० साली ज्या सामाजिक खर्चाचे विवेचन केले तो धुराड्याच्या धुराइतकाच या शिडीवरही लागू आहे. फरक इतकाच, की धूर साऱ्या गावाला दिसतो.

त्या जोखमीची कायद्याने ठरविलेली किंमत काय होती तेही पाहावे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली २०२० साली हिशेबात धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरविण्यात आली. तीस वर्षांच्या माणसाच्या मृत्यूबद्दल त्याचे निम्मे वेतन गुणिले २०७.९८, म्हणजे अधिकात अधिक १५,५९,८५० रुपये. तो प्रत्यक्षात महिना तीस हजार कमावीत असला तरी तेवढेच. शिवाय ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मिळण्यास एक अट होती: ते काम मालकाच्या धंद्याचा नित्याचा भाग असले पाहिजे. क्रेनवर संवेदक बसविणे हा पोलादी भांडी किंवा रसायने बनविण्याच्या धंद्याचा नित्याचा भाग आहे काय? वकिलांना यावर बराच काळ बोलता येईल. तोवर कॅम्पातील त्या चार माणसांच्या दुकानाने भरपाई द्यावी, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही.

असे अपघात गाजत नाहीत. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये चाचणी चालू असताना क्रेन कोसळून अकरा माणसे गेली. बरोबर तीन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गावर गर्डर उभारणारे यंत्र कोसळले आणि वीस जण मृत्युमुखी पडले. डोंबिवलीचे २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट सर्वांच्या स्मरणात आहेत. अशा घटनांनंतर मंत्री येतात, समित्या नेमल्या जातात. रुळावरचा माणूस एकेकटा जातो. त्याच्यासाठी चौकशी होते ती पोलीस ठाण्याच्या आकस्मिक मृत्यूच्या नोंदीपुरती.

कागदी सुरक्षिततेचा अनुभव कॅम्प २ ला नवा नाही. २८ मे २०२१ च्या रात्री नेहरू चौकाजवळील एका पाच मजली इमारतीत स्लॅब कोसळून सात रहिवासी मरण पावले. त्याआधी पंधरवड्यातच कॅम्प १ मध्ये तसाच प्रकार घडला होता. त्यानंतर इमारतींच्या तपासणीच्या नोटिसा निघाल्या. नोटीस निघणे आणि छत भक्कम होणे यांत किती अंतर असते हे येथील कुटुंबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरतूद गेली कोठे?

या सर्वाला आता नवी निकड आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० अमलात आली आणि १९४८ चा अधिनियम तिच्यात विलीन झाला. जुन्या मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या, दहा वा अधिक कामगारांच्या जागेला कारखाना म्हटले होते. संहितेत ती संख्या वीस आहे. या पट्ट्यातील लहान फॅब्रिकेशन शेडची आणि तेथील मनुष्यबळाची कल्पना असलेल्याला या दोन आकड्यांमधील फरक किती जणांना बाहेर ठेवतो हे सांगावे लागणार नाही. एक क्रेन, दोन क्रेन आणि पंधरा माणसे असलेली शेड हा येथे अपवाद नव्हे.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. जुन्या अधिनियमाच्या मजकुरातच दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून उचल-यंत्राची कसून तपासणी, सुरक्षित भाराचे ठळक अंकन आणि हे सहा मीटर, असा तपशील होता. संहितेने तपशील मजकुरात न ठेवता मानके ठरविण्याचा अधिकार सरकारकडे दिला आहे. संक्रमणकाळापुरते जुने नियम चालतील. तथापि पुढे काय, हे मानकांवर अवलंबून राहील. या पद्धतीचे समर्थन करता येते. तंत्र बदलते, संसद दरवर्षी मीटर मोजीत बसू शकत नाही. लेसर संवेदकासारख्या साधनाचा उल्लेख कायद्यापेक्षा मानकात येणेच सोयीचे. परंतु मानक लिहिणाऱ्यांपुढे उद्या दोन गोष्टी एकत्र येतील, जुने सहा मीटर आणि नवे यंत्र, आणि यंत्र आहे म्हणून मीटर वगळण्याचा मोह होईल. उद्योगांच्या संघटना तसा आग्रह धरतील तर ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होईल. तो मान्य होता कामा नये. यंत्र क्रेनपासून क्रेन वाचवते. मीटर माणसाला वाचवितात.

मानकात आणखी काय असावे याविषयी फार खल करण्याचे कारण नाही. संवेदक बसविताना त्या रुळांवरील सर्व क्रेन बंद आणि वाहक कुलूपबंद असावेत. ते अशक्यच असेल तेथे रुळावर पक्के अडथळे आवळून दुसरी क्रेन सहा मीटरांपलीकडे अडवावी, हात दाखविणारा मदतनीस पुरेसा मानू नये. किरणाची उंची चालकाच्या केबिनमधील डोळ्यांच्या रेषेत येऊ नये. बसविल्यानंतर रिकाम्या आकड्याने आणि मग भार घेऊन, आधी मंद वेगाने व नंतर पूर्ण वेगाने दोन क्रेन एकमेकींकडे आणून थांबण्याचे अंतर प्रत्यक्ष फीत लावून मोजावे, आणि तो आकडा तारखेसह पॅनेलच्या दारावर लिहावा. दोन क्रेनांनी मिळून एकच लांब ओझे उचलण्याचे प्रसंग येतात. तेव्हा संवेदक तात्पुरता बाजूला ठेवावाच लागतो. त्यासाठी किल्लीचा स्विच असावा आणि किल्ली पर्यवेक्षकाकडे असावी, म्हणजे तारेच्या तुकड्याला निमित्त उरणार नाही. वार्षिक तपासणीत दोरखंड आणि आकडा पाहतात तसा हा आकडाही पुन्हा मोजावा.

याचा खर्च लहान शेडला जड जाईल, हा आक्षेप खोटा नाही. मात्र तो वाटतो तितका मोठाही नाही. या पट्ट्यातील अनेक कारखाने शुक्रवारी बंद असतात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाने उत्पादनाचा एक तासही बुडत नाही, बुडते ती वायरमनची सुट्टी, आणि तिचे जादा दाम त्याला मिळावेत. ते दाम दरपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून दिसू लागले, तर सर्वांत कमी दर भरणारा हा वर चालू वाहकाशेजारी काम करणारा असेल असे होणार नाही. अंबरनाथला औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे दोन वर्षे वीजतंत्रीचा अभ्यास केलेल्या मुलाला उंचीवरचे काम, कुलूपबंदी आणि थांबण्याच्या अंतराचे गणित शिकवायला आणखी फार दिवस लागणार नाहीत. कॅम्प २ मधून येणारा माणूस कामात कमी नाही. त्याने ‘वाहक बंद करा, मगच चढतो’ असे म्हटल्यावर काम दुसऱ्याला जाणार नाही, एवढी हमी त्याच्या पाठीशी नाही.

नव्या शेडसाठी तर याहून स्वस्त उपाय आहे. वाहकांचा दोन्ही टोकांकडील क्रेनच्या रुंदीइतका तुकडा स्वतंत्र स्विचवर वेगळा ठेवला की एक क्रेन तेथे नेऊन निर्जीव करता येते. रुळावर अडथळा आवळला की दुसरी क्रेन उरलेल्या शेडमध्ये चालू ठेवता येते. जाणती माणसे असे तुकडे ठेवतात; सक्ती नसल्याने बाकीचे ठेवीत नाहीत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने कारखान्याचे नकाशे मंजूर करतानाच ही अट घालावी. शेड उभी राहण्यापूर्वी तो नकाशावरचा एक छेद असतो. शेड उभी राहून क्रेन धावू लागल्यावर तोच छेद घेण्यासाठी कोणाला तरी पुन्हा शिडीने वर जावे लागते.